स्टेन्ट स्वस्त झाला, गुडघाही झाला. पण कुणाच्या अंगात काय बसलंय याची वही कुठाय?

सीमाभागात ‘इम्प्लांट’ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. आपल्याकडे हृदयात ‘स्प्रिंग बसवली’ म्हणतात, पायात ‘रॉड घातला’ म्हणतात, गुडघे ‘बदलले’ म्हणतात आणि डोळ्यात ‘भिंग टाकलं’ म्हणतात. शब्द वेगवेगळे असले तरी वस्तू एकाच जातीची आहे. कारखान्यात तयार झालेला एक सुटा भाग माणसाच्या शरीरात जातो आणि बहुतेक वेळा तिथंच राहतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी, सावंतवाडी, कुठल्याही गावात जा, असा भाग अंगात वागवणारी दोन-चार माणसं भावकीत निघतातच.

गेल्या आठ-दहा वर्षांत या वस्तूंच्या बाबतीत देशात दोन चांगल्या गोष्टी घडल्या. काही वस्तूंच्या किमतीला सरकारनं लगाम घातला. आणि जे भाग पूर्वी डोळे झाकून परदेशातून आणावे लागत, त्यातले काही आपल्याकडं बनू लागले, तेही जगात टिकतील अशा दर्जाचे.

तिसरी गोष्ट मात्र राहून गेली. कुठल्या माणसाच्या शरीरात कुठल्या कंपनीचा, कुठल्या बॅचचा भाग बसला आहे, याची देशपातळीवरची सक्तीची नोंद आजही नाही. भाग चांगला चालतोय तोवर ही उणीव कुणाला जाणवत नाही. तो बिघडला की मात्र रुग्णाला शोधायचं कसं, हा पहिला प्रश्न असतो. ज्याचं घर एका राज्यात आणि ऑपरेशन दुसऱ्या राज्यात, त्याला शोधणं आणखी अवघड. म्हणजे ही अडचण सर्वांचीच असली, तरी तिचा पहिला फटका सीमेवरच्या माणसाला आहे.

किंमत कशी उतरली

हृदयाच्या स्टेन्टचं उदाहरण सर्वांच्या ओळखीचं. जुलै २०१६ मध्ये केंद्र सरकारनं स्टेन्टला अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. त्यामागं दिल्ली उच्च न्यायालयात चाललेली एक जनहित याचिका होती. त्यानंतर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं, म्हणजे एनपीपीएनं, १३ फेब्रुवारी २०१७ रोजी कमाल किंमत ठरवली. साध्या धातूच्या स्टेन्टला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेन्टला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषधी स्टेन्टची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या घरात होती. एवढा फरक जात कुठं होता, याचा हिशेब प्राधिकरणानं मांडला, तेव्हा सर्वांत मोठा नफा बनवणाऱ्याकडं नव्हे तर शेवटच्या टप्प्यावर, रुग्णालयात, निघत असल्याचं दिसलं. पुढं घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणं ही मर्यादा वाढत गेली. २०२५ मध्ये औषधी स्टेन्टची मर्यादा ३८ हजारांच्या पुढं होती. तरीही २०१७ पूर्वीच्या तुलनेत ती एक तृतीयांशाच्या आसपासच आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याचा नंबर लागला. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची सरासरी छापील किंमत १ लाख ५८ हजारांवर होती. ती ५४,७२० रुपयांवर आणली गेली. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याला ७६,६०० रुपयांची मर्यादा आली.

याच आदेशांत किमतीइतकीच मोलाची आणखी एक अट होती, तिच्याकडं फार कमी लोकांचं लक्ष गेलं. रुग्णालयानं बिलात स्टेन्टची किंमत वेगळी दाखवायची आणि सोबत ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच नंबर लिहायचा. म्हणजे आपल्या अंगात काय बसलं हे कागदावर मागण्याचा आधार रुग्णाला २०१७ पासूनच आहे. किती जण तो मागतात, हा वेगळा विषय.

किंमत उतरवली म्हणून सगळं सुरळीत झालं, असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात, मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावी घेतलेल्या आरोग्य शिबिरातून १९ जणांना आणण्यात आलं. त्यातल्या सात जणांना स्टेन्ट बसवले गेले आणि दोघे दगावले. उपचार सरकारी योजनेतून होते. गरज नसताना ऑपरेशन केल्याच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. वस्तू स्वस्त झाली की काही ठिकाणी नफा किमतीतून निघायचा बंद होतो आणि संख्येतून निघू लागतो. दरपत्रकावर बंधन घालता येतं. गरज आहे की नाही, हे तपासायला मात्र नोंदच लागते.

महाग आणि नवीन म्हणजे चांगलं, असं नाही

किमतीवर मर्यादा आली तेव्हा मोठी ओरड झाली होती. चांगलं परदेशी तंत्रज्ञान आता भारतात येणार नाही, असं सांगितलं गेलं. काही कंपन्यांनी आपले वरच्या श्रेणीतले स्टेन्ट बाजारातून काढून घेण्याची परवानगीही मागितली. त्यात ॲबट कंपनीचा ‘ॲब्सॉर्ब’ होता. काम झाल्यावर शरीरात विरघळून जाणारा हा स्टेन्ट. कल्पना मोठी देखणी होती, कारण रक्तवाहिनी बरी झाली की आत परकी वस्तूच उरायची नाही.

प्रत्यक्षात झालं वेगळंच. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं डॉक्टरांना पत्र काढून कळवलं की, धातूच्या औषधी स्टेन्टच्या तुलनेत ॲब्सॉर्बमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटना जास्त दिसत आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनं त्याची जगभरची विक्री थांबवली. विरघळणाऱ्या पदार्थाला धातूची ताकद नसते. त्यामुळं त्याच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या होत्या, सुमारे दीडशे मायक्रॉन. अरुंद वाहिनीत जाड काडी म्हणजे रक्ताची गुठळी धरायला आयती जागा.

स्टेन्टच्या सुधारणेचा इतिहास पाहिला तर तो बहुतेक याच काडीभोवती फिरतो. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये माणसाच्या हृदयवाहिनीत पहिला स्टेन्ट बसला. साध्या धातूच्या स्टेन्टमध्ये २० ते ३० टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद व्हायची, कारण जखम भरताना आतली पेशी जास्तच वाढत असे. यावर उपाय म्हणून धातूवर सिरोलिमस या औषधाचा लेप आला. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून हे औषध शोधून काढणारे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल हे अविभाजित भारतात जन्मलेले. लेपाचा पहिला प्रसिद्ध स्टेन्ट ‘सायफर’. त्याच्या काडीची जाडी १४० मायक्रॉन होती. पुढं कोबाल्ट-क्रोमियम वापरून ती ८० आणि नंतर ६० मायक्रॉनपर्यंत आली. म्हणजे जवळपास केसाएवढी. या सुधारणेत दिपवून टाकणारं काही नाही. धातू निवडणं, तो बारीक कापणं, कडा गुळगुळीत करणं, लेप सारखा बसवणं, ही सगळी चांगल्या कारखान्यातली कामं.

सुरत, वापी, मदुराई, तिरुवनंतपुरम

म्हणूनच भारतात चांगला स्टेन्ट बनला तो सुरतेत. सहजानंद समूहाचं मूळ काम हिऱ्यांच्या उद्योगासाठी लेझर यंत्रं बनवण्याचं. हिरा कापणारा लेझर सांभाळता येतो, तर केसाएवढ्या धातूच्या नळीवर जाळी का कापता येऊ नये, या विचारातून सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज उभी राहिली. तिच्या ६० मायक्रॉनच्या ‘सुप्राफ्लेक्स’ स्टेन्टची चाचणी युरोपातल्या सात देशांत १,४३५ रुग्णांवर झाली आणि २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. जगात नावाजलेल्या ‘झायन्स’ स्टेन्टच्या तुलनेत तो कमी पडत नाही, हा निष्कर्ष. गुजरातेतल्याच वापीच्या मेरिल कंपनीनं छाती न उघडता मांडीच्या वाहिनीतून नेऊन बसवता येणारी ‘मायव्हॉल’ ही हृदयाची झडप तयार केली. तिची ७६८ रुग्णांवरची तुलना २०२४ मध्ये त्याच नियतकालिकात आली. अमेरिकन कंपन्यांच्या दोन प्रस्थापित झडपांपुढं तीही कमी ठरली नाही.

हैदराबादच्या वाचकांना ‘कलाम-राजू स्टेन्ट’ आठवत असेल. संरक्षण संशोधनातला धातू वापरून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू यांनी १९९८ मध्ये कमी खर्चाचा स्टेन्ट तयार केला होता. आपल्याकडंही हे होऊ शकतं, हा विश्वास त्या काळात त्यातून आला.

मोतीबिंदूच्या भिंगाची गोष्ट तर त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा ते सहन करतो, हे ब्रिटिश डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. त्यावरून १९४९ मध्ये त्यांनी ॲक्रिलिकचं पहिलं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. भारतात मात्र ऐंशीच्या दशकाअखेरीस आयात भिंग शंभर डॉलरच्या घरात होतं. मोतीबिंदू काढून जाड भिंगाचा चष्मा हातात देणं हाच गरिबाचा उपचार. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय परिवारानं ‘ऑरोलॅब’ सुरू केली आणि तेच भिंग दहा डॉलरच्या आसपास आणलं. पुढं ते आणखी उतरलं. आज गावोगावच्या शिबिरांत आजी-आजोबांच्या डोळ्यांत भिंग बसतं, त्यामागं हा कारखाना आहे.

पण या सर्वांत धीराची गोष्ट तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिथं हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली. पहिल्या तीन रचना टिकल्या नाहीत. धातू, चकतीचा पदार्थ, जोड, काही ना काही नापास होत गेलं. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. म्हणजे दहा वर्षांत झडप ३६-३७ कोटी वेळा उघडते आणि मिटते. तेवढी उघडझाप प्रयोगशाळेच्या यंत्रात वेगानं करून पाहायची, एकदा जरी चीर पडली तरी पुन्हा पहिल्यापासून. चौथी रचना टिकली: कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि चिवट पॉलिथिलीनची चकती. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्या रुग्णाला बसली, १९९५ पासून टीटीके कंपनी ती बनवू लागली आणि आजवर एक लाखाहून जास्त रुग्णांना ती बसली आहे.

या यादीत आता सरकारी पैशाचीही भर पडते आहे. वैद्यकीय उपकरणांसाठी ३,४२० कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना २०२० मध्ये आली, तिच्या चार गटांपैकी एक गट शरीरात बसवायच्या वस्तूंचा आहे. मध्य प्रदेशच्या वाट्याला आलेला मेडिकल डिव्हाइस पार्क उज्जैनजवळ, म्हणजे इंदूरच्या मराठी उद्योजकाच्या दारातच आहे. हैदराबादच्या शेजारी सुलतानपूरला असाच पार्क उभा आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणही मंजूर झालं.

थोडक्यात, बनवायचं कसं हे आपण शिकलो. बसवल्यानंतर मागोवा कसा ठेवायचा, हे अजून शिकायचं आहे.

खुब्याच्या प्रकरणानं काय शिकवलं

मागोवा नसला की काय होतं, याचा सर्वांत मोठा दाखला ‘एएसआर’ खुब्याचा. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीपाय या कंपनीनं बनवलेला हा खुबा धातूवर धातू घासणारा होता. जुन्या खुब्यात धातूचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत फिरतो, तर इथं वाटीही धातूची. प्लास्टिक झिजतं, धातू झिजणार नाही, हा त्यामागचा तर्क. प्रत्यक्षात धातू झिजला आणि कोबाल्ट व क्रोमियमचे कण आजूबाजूच्या स्नायूंत आणि रक्तात गेले. कित्येकांना दुसऱ्यांदा ऑपरेशन करून तो काढावा लागला.

हे सर्वांत आधी जिथं स्पष्टपणे कळलं, त्यात ऑस्ट्रेलिया पुढं होता. तिथं १९९९ पासून प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही आहे. रुग्ण कोण, भाग कुठला, पुन्हा ऑपरेशन लागलं का, हे सगळं एका ठिकाणी लिहिलं जातं. कुठला भाग इतरांपेक्षा लवकर काढावा लागतोय, हे वहीच सांगते. ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून हा खुबा डिसेंबर २००९ मध्ये गेला. ब्रिटनच्या नोंदवहीनंही पाच वर्षांत १२-१३ टक्के रुग्णांना फेरऑपरेशन लागत असल्याचं दाखवलं. त्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं तो जगभरातून परत घेतला.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो बसला होता. इथं पहिली ठोस हालचाल केली ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं. २०११ मध्ये मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. केंद्राची तज्ज्ञ समिती मात्र २०१७ मध्ये नेमली गेली आणि अहवाल फेब्रुवारी २०१८ मध्ये आला. तोवर परत बोलावण्याला साडेसात वर्षं झाली होती. ४,७०० पैकी साधारण हजारभर रुग्णांचाच ठावठिकाणा लागला. बाकीच्यांचं काय झालं, त्यांना दुखतंय का, ते हयात आहेत का, हे सांगणारा एकही कागद कुणाकडं नव्हता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रानं भरपाईचं सूत्र ठरवलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. कंपनीनं ते मान्य केलं नाही आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये फेरऑपरेशन झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी कंपनीनं दाखवली. अमेरिकेत मात्र २०१३ मध्येच सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली होती. तिथल्या रुग्णांना वकील मिळाले, इथल्या बहुतेकांना आपल्या पायात काय आहे हेच ठाऊक नव्हतं. भरपाई किती, हा वाद पुढचा असतो. हक्क सांगायला आधी नाव कुठंतरी लिहिलेलं असावं लागतं.

फाउंड्रीत जमतं, दवाखान्यात का नाही

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत काम करणाऱ्याला ही गोष्ट दोन वाक्यांत समजेल. चांगल्या फाउंड्रीत प्रत्येक कास्टिंगला हीट नंबर असतो. उद्या पंपाच्या केसिंगला तडा गेला, तर तो कुठल्या दिवसाच्या, कुठल्या भट्टीतल्या रसाचा, हे त्या नंबरावरून निघतं, आणि त्याच रसाचे बाकीचे भाग कुठल्या गिऱ्हाइकाकडं गेले तेही निघतं. गिऱ्हाइकाला पत्र जातं, माल परत येतो.

स्टेन्टच्या किंवा गुडघ्याच्या डब्यावरही असाच लॉट नंबर असतो. कारखान्यापासून रुग्णालयाच्या स्टोअरपर्यंतचा माग बहुतेक वेळा नीट असतो, कारण दर्जाच्या प्रमाणपत्रासाठी तो लागतोच. साखळी तुटते ती ऑपरेशन थिएटरच्या दारात. स्टिकर केसपेपरला चिकटवलं जातं, केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये जातो, काही वर्षांनी रद्दीत जातो. रुग्णाच्या हातात उरतं ते डिस्चार्ज कार्ड, आणि त्यावर बऱ्याचदा नुसतंच ‘स्टेन्ट बसवला’ किंवा ‘उजवा गुडघा बदलला’ एवढंच लिहिलेलं.

कायद्याच्या पुस्तकात यावर इलाज नाही, असं नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा वेगळा ओळख-क्रमांक देण्याची तरतूदही त्या नियमांत आहे. तिच्यासाठी ठरलेली १ जानेवारी २०२२ ही तारीख मात्र पुढं ढकलली गेली. उपकरणांमुळं झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी जुलै २०१५ मध्ये ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम सुरू झाला, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगात आहे. अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेनंही सांधेबदलाची नोंदवही चालवली आहे. पण त्यात नोंद करणं ऐच्छिक. ज्याचे निकाल चांगले तो नोंदवतो, ज्याचे बरे नाहीत तो विसरतो. ऐच्छिक वहीचा हाच दोष.

हद्द ओलांडणारा रुग्ण

आता सीमाभागाकडं येऊ. निपाणीचा माणूस छातीत दुखलं की कोल्हापूर गाठतो. बिदर-भालकीचा हैदराबादला जातो. दोडामार्ग-सावंतवाडीचा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. चंदगडचा बेळगावला उतरतो. लोक भाषेच्या किंवा नकाशाच्या हिशेबानं दवाखाना निवडत नाहीत, जवळचा आणि ओळखीचा निवडतात. त्यात गैर काही नाही.

पैशाच्या बाबतीत राज्यांची हद्द आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. जानेवारी २०१८ पासून गोवा मेडिकल कॉलेजात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि सिंधुदुर्गात त्यावर बराच गदारोळ झाला. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यावर कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला. योजनेचं कार्ड कुठं चालतं, कुठं नाही, यावर आपल्याकडं मोर्चे निघतात आणि ते निघायलाही हवेत.

पण ऑपरेशननंतर काय, यावर कुणी बोलत नाही. समजा, उद्या एखाद्या कंपनीची पेसमेकरची एक बॅच सदोष निघाली. एका राज्याच्या औषध प्रशासनानं आपल्या हद्दीतल्या रुग्णालयांना कळवलं. रुग्णालयानं केसपेपर काढला आणि त्यावरच्या जुन्या नंबरावर फोन लावला. तो नंबर नातवाचा होता, नातू आता पुण्यात, नंबर बदललेला. रुग्ण स्वतः शेजारच्या राज्यातल्या खेड्यात. त्या खेड्यातल्या आरोग्य केंद्राकडं या माणसाच्या छातीत पेसमेकर आहे, ही माहितीच नाही. निरोप हद्दीवर येऊन थांबतो. भाषेचीही एक मेख आहे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, नोटीस निघाली तर तीही इंग्रजीत, फार तर कन्नड किंवा तेलुगूत. ज्याच्या अंगात वस्तू आहे त्याला कळेल अशा भाषेत ती पोहोचण्याची व्यवस्था नाही.

गंमत अशी की माहिती गोळा होतच नाही, असं नाही. आयुष्मान भारत योजनेत अँजिओप्लास्टीचा दावा मंजूर करून घ्यायला रुग्णालयाला स्टेन्टचं स्टिकर किंवा वेष्टन जोडावं लागतं. म्हणजे सरकारच्या पैशानं बसवलेल्या स्टेन्टचे लॉट नंबर सरकारच्याच संगणकात स्कॅन होऊन पडलेले आहेत. ते बिल तपासायला वापरले जातात, रुग्ण शोधायला नाही. १४ अंकी ‘आभा’ आरोग्य क्रमांक २०२१ पासून देशभर दिला जातोय आणि तो राज्याची हद्द जाणत नाही. बसवलेल्या वस्तूचा लॉट नंबर त्या क्रमांकाशी जोडणं, हे काही रॉकेट उडवण्याइतकं अवघड नाही.

यावर आक्षेप येतील, आणि ते सगळेच फेटाळण्यासारखे नाहीत. कुणाच्या शरीरात काय आहे ही खासगी बाब आहे. ती विमा कंपनीच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या हाती लागली तर नुकसान होऊ शकतं. म्हणून ही वही कुणी पाहायची, कशासाठी पाहायची, हे कायद्यानंच बांधून द्यावं लागेल. लहान दवाखान्यांवर कारकुनीचा बोजा पडेल, हेही खरं. पण स्टिकर आजही चिकटवलं जातंच. ते एकदा मोबाइलनं स्कॅन करणं हा बोजा पेलण्यासारखा आहे. स्वीडननं गुडघ्यांची नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली, तेव्हा तर स्मार्टफोनही नव्हते. आणि चांगला माल बनवणाऱ्या सुरत-वापीच्या कारखानदारालाही या वहीचा फायदाच आहे. दहा वर्षांनी आपला भाग किती जणांत टिकला, याचा भारतीय आकडा हातात असेल, तर परदेशी ब्रँडच्या नावामागं धावणाऱ्या डॉक्टरला तो दाखवता येईल.

तोवर घरच्यांनी काय करायचं

सरकार वही काढेल तेव्हा काढेल. तोवर काही गोष्टी घरीच करता येतात.

ऑपरेशनच्या आधी विचारा: कुठल्या कंपनीचा भाग, मॉडेल कुठलं, त्याच कामाचा कमी किमतीचा पर्याय आहे का. विचारण्यात कमीपणा नाही.

ऑपरेशननंतर वस्तूच्या डब्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डवर चिकटवून मागा. पेसमेकर, झडप, सांधा यांना कंपनीचं इम्प्लांट कार्डही येतं, ते ताब्यात घ्या. बिलात ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबर लिहिला आहे का, पाहा. या सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कारण कागद हरवतो. फोन नंबर बदलला तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथं कळवा, ते दुसऱ्या राज्यात असलं तरीही.

बसवलेल्या भागामुळं त्रास होतोय असं वाटलं, तर डॉक्टरला दाखवाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रार रुग्णही करू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही.

आणि नुकसान झालंच, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सीमेवरच्या माणसाच्या उपयोगाचा आहे. सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे, आणि तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. ऑपरेशन कोल्हापुरात, कंपनी मुंबईत आणि घर निपाणीत असेल, तर पैसे मोजून घेतलेल्या उपचाराबद्दल तक्रार बेळगाव जिल्ह्यातच करता येईल. मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची, त्यामुळं फार दिवस घरात बसून चालत नाही. आणि तक्रारीत पहिल्याच पानावर लागेल तो भागाचा लॉट नंबर.

मागणीही नेमकी करायला हवी. सीमाभागातल्या आमदार-खासदारांपुढं आरोग्याचा विषय निघतो तेव्हा नवं रुग्णालय, नवी योजना, नवं कार्ड हेच मागितलं जातं. त्यात आता दोन ओळींची भर घालता येईल. शरीरात बसवलेल्या प्रत्येक वस्तूची सक्तीची राष्ट्रीय नोंद व्हावी, आणि वस्तू परत बोलावली गेली तर रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याच्या गावात, राज्य कुठलंही असो, लेखी कळवलं जावं. यासाठी सीमाप्रश्न सुटायची वाट पाहावी लागत नाही. बेळगावचा कन्नड भाषिक आणि मराठी भाषिक, दोघांच्याही छातीत स्टेन्ट तोच असतो आणि त्याचा लॉट नंबरही एकच असू शकतो.